निळ्या पडद्यापुढचा फोटो

५ जानेवारी, सोमवार

डॉक्टरांचं म्हणणं असं की गोळी वेळेवर घ्या, लोणचं बंद करा आणि राग आला की कागदावर काढा, माणसांवर नको. कागदाला माझ्या दुकानात तोटा नाही. तरी ही डायरी घेतली, भात गिरणीवाल्याने नव्या वर्षाची म्हणून दिलेली. पहिल्या पानावर माहिती भरायची होती. नाव: मुनाफ. वय: एकावन्न. व्यवसाय: नाजनीन झेरॉक्स, फोटो व फॉर्म, कचेरीजवळ, खालापूर. नाजनीन म्हणजे बायको. शेवटी ईमेल विचारला होता, तिथे दुकानाचा टाकला. या तालुक्यातल्या निम्म्या लोकांचा ईमेल तोच आहे. फॉर्म भरताना ईमेल विचारला की लोक माझ्या तोंडाकडे बघतात, मग मी माझाच घालतो. शिष्यवृत्ती कोणाची, गॅस कोणाचा, निरोप सगळे माझ्याकडे येतात.

आज प्रेशर १५८/९६. राग कशाचा आला ते लिहायला जागा उरली नाही.

१२ जानेवारी, सोमवार

कडावची छाया आली होती. नवरा गजा दुधाचा टेंपो घेऊन रोज इकडे येतो, त्याच्याबरोबर ही महिन्यातून दोनदा उतरते आणि माझं डोकं खाते. पूर्वी आशाताई होती. आता वाड्यावाड्यांवरच्या बायकांना गोळा करून दवाखान्याला जाब विचारते. डॉक्टर किती दिवस आले, अँब्युलन्स किती वेळाने आली, सगळं वहीत लिहून ठेवते. मला म्हणाली, "मुनाफभाई, तुमची प्रेशरची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला पायजे. तुमचा हक्क हाय तो."

मी म्हटलं, "माझा हक्क मला मेडिकलमध्ये मिळतो. तू फोटो काढून घे."

निळा पडदा म्हणजे नाजनीनची जुनी चादर आहे, एक कोपरा सेफ्टी पिनने अडकवलेला. छाया स्टुलावर बसली आणि दात दाखवून हसली. मी म्हटलं, हसू नको, असले फोटो परत येतात. ती म्हणाली, "ह्यो सरकारी नाय वो. परदेशातल्या लोकांना पाठवायचाय." आरोग्यासाठी भांडणारे लोक देशोदेशी आहेत म्हणे आणि एकमेकांना धरून आहेत, त्यांच्यात हिला नाव घालायचं होतं. मी म्हटलं, परदेशी असले म्हणून काय झालं, फोटो तो फोटो. तिने तोंड मिटलं. डोळे तेवढे रागावले. चांगला आला. फॉर्मवर ईमेल अर्थात माझा.

२० जानेवारी, मंगळवार

आज छायाने मागचा कॉम्प्युटर अडवून ठेवला. कडावला नेट बंद होतं म्हणून इथे आली. अकरा देशांतल्या लोकांशी व्हिडिओवर बोलत होती. हिंदी, मराठी आणि मोडकंतोडकं इंग्रजी, पण थांबली म्हणून नाही. पलीकडे कोणीतरी बाई ते सगळं त्यांच्या भाषेत सांगत होती. मध्येच लाइट गेली. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालला पण ट्यूब गेली, तर म्हणते तोंड दिसत नाही. मग मी मोबाइलचा टॉर्च धरून उभा राहिलो, वीस मिनिटं. पुढे गिऱ्हाईक खोळंबलेलं. शेवटी ओरडलो, "आवर गं बाई, माझं प्रेशर वाढतंय!" पडद्यावरचे अकरा देश माझ्याकडे बघायला लागले.

जाताना तिच्याकडून रजिस्टरवर सही घेतली. दुकानात कॉम्प्युटर ठेवले तेव्हा पोलिसांनीच सांगितलं होतं, कोण बसला, किती वाजता बसला, किती वाजता उठला, सगळं लिहायचं. बाकीचे दुकानदार महिनाअखेरीला एका बैठकीत मनाने भरतात. मी नाही भरत. येण्याची वेळ २:२०, जाण्याची ४:०५, सही. कोणी हसलं तरी मी लिहितो.

२३ जानेवारी, शुक्रवार

छायाला धरून नेलं. सकाळी गजा टेंपो दुकानासमोर लावून नुसता बसून राहिला, दूध उतरवायलाही गेला नाही. म्हणाला, "मंगळवारी दवाखान्यात राडा झाला, भाई. बायका आत शिरल्या, काच फुटली, कोणीतरी नर्सला ढकललं. आन नाव हिचं लावलंय. पुढारी म्हणून." मी त्याला चहा पाजला. दुसरं काय करणार?

मंगळवारी म्हणजे माझ्याकडून उठली आणि सरळ तिकडेच गेली असणार. टेंपोने पाऊण तासाचा रस्ता. वीस मिनिटं टॉर्च धरायला लावून वर हे उद्योग. सांगून ऐकणाऱ्यातली ती नव्हेच. १६०/९८.

२७ जानेवारी, मंगळवार

दुकानाच्या ईमेलवर लॉटरीवाल्यांनी धाड घातलीय. पेरू, केनिया, नॉर्वे, फिलिपिन्स, कुठून कुठून. सगळ्यांवर 'अर्जंट' लिहिलेलं. अर्जंट म्हटलं की समजावं, कोणाचा तरी काका मेलाय आणि खजिना माझ्या नावावर करायचाय. उघडलं की व्हायरस शिरतो. एकतीस होते, न उघडता सगळे डिलीट केले. नमिरालाही बजावलं. तिने विचारलं, "कुठून आलेत म्हणालात अब्बा?" मी म्हटलं, तुला काय करायचंय, तू कॉलेजचा अभ्यास कर.

२ फेब्रुवारी, सोमवार

खालच्या कोर्टाने छायाला जामीन दिला नाही. गजा म्हणाला, "वकीलबाई म्हणतात, आता वरच्या कोर्टात." वकीलबाई म्हणजे कर्जतच्या रुचिताताई, तरुण आहेत पण फाईल नीट लावतात. त्यांची झेरॉक्स माझ्याकडे असते म्हणून माहीत.

एक बरं चाललंय. नमिरा कॉलेजातून आली की स्वतःहून दुकानात बसते. पोरीचं धंद्यात लक्ष लागतंय. मागच्या कॉम्प्युटरवर काही ना काही टाइप करत असते. घरी मात्र तांदळाचं पीठ भराभर संपतंय. नाजनीनला विचारलं तर म्हणाली, "तुमीच भाकऱ्या जास्त खाता." मी दोनच खातो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

जुम्म्याच्या नमाजाहून आलो तर गजा मोबाइल घेऊन उभा. "भाई, हे बघा." फोटो होता. कुठला तरी बर्फाचा रस्ता, मोठी इमारत, त्यावर आपला तिरंगा. आपल्या देशाची तिथली कचेरी असणार. समोर बारा-तेरा माणसं, गोरी, काळी, दोन म्हाताऱ्या, एक व्हीलचेअरवरचा. प्रत्येकाच्या हातात छायाचा मोठा केलेला फोटो. तोंड मिटलेलं, डोळे रागावलेले. मागे निळा पडदा.

मी फोटो मोठा करून बघितला. कोपऱ्यात सेफ्टी पीन दिसत होती. माझीच.

गजा म्हणाला, "जगभर असं चाललंय म्हणं. पेरूत झालं, केनियात नर्सबाया रस्त्यावर बसल्या. कुणीतरी हितून त्यांना कळवत असतं. कोण ते ठावं नाय."

मला ठावं झालं. मी मागे वळून बघितलं तर नमिरा कीबोर्डवर हात तसेच ठेवून माझ्याकडे बघत होती. छाया कुठे गायब झाली असं विचारणारे, मी टाकून दिलेले एकतीस मेल तिने त्याच दिवशी कचऱ्यातून वर काढले होते. तेव्हापासून एकेकाला उत्तर लिहितेय. नाजनीन झेरॉक्सच्या नावाने! मी ओरडलो. एवढा ओरडलो की शेजारचा वडेवाला येऊन बघून गेला. उद्या कोणी विचारलं, परदेशाशी तुमचे काय संबंध, तर मी काय सांगू? आपलं नाव मुनाफ आहे. कागदावर काहीही लिहिलेलं असो, लोक आधी नाव वाचतात.

नमिरा म्हणाली, "अब्बा, त्यांनी तिला पत्रं लिहिली होती. तुम्ही तिची पत्रं फाडली."

१६६/१०२. घरी जेवलो नाही. ते खरं होतं म्हणून जास्त राग आला.

७ फेब्रुवारी, शनिवार

दुकान अर्धा दिवस बंद ठेवून नमिराकडून सगळे मेल वाचून घेतले. आता एकशे चाळीस झालेत. लॉटरी कोणाचीच नाही.

पेरूतल्या एका गावच्या सुईणी लिहितात की आमच्याकडेही अँब्युलन्स येत नाही, तुझी वही बघून आम्ही आमची वही सुरू केली. नॉर्वेचे एक म्हातारे डॉक्टर रोज सकाळी इथल्या कलेक्टरसाहेबांना एक कागदी पत्र टाकतात, दहा झाली. सत्तेचाळीस संस्थांनी मिळून सरकारला लिहिलंय की हिला सोडा. केनियाच्या ग्रेस नावाच्या नर्सने लिहिलंय, ते नमिराने हसत वाचलं: "तुझ्यामागे दिवा धरून उभे असलेले रागीट गृहस्थ कसे आहेत? त्यांना सांग, प्रेशर मोजताना पाय जमिनीवर टेकवायचे आणि बोलायचं नाही." मी पाय वर घेऊन मोजत होतो, बोलतच.

मग नमिरा थांबली. ग्रेसने पुढे लिहिलं होतं की आम्हाला कळत नाही, वीस जानेवारीला तुमच्याकडे तीन वाजले होते तेव्हा छाया आमच्याशी बोलत होती, आमच्याकडे रेकॉर्डिंग आहे, मग ती दवाखान्यात कशी?

मी म्हटलं, "राडा संध्याकाळी झाला असेल."

नमिराने एफआयआरची दुकानात उरलेली झेरॉक्स पुढे ठेवली. ती मीच मारली होती, दोन तारखेला, रुचिताताईंसाठी. मी कागद सरळ लागलाय का तेवढं बघतो, वाचत नाही. दुपारी तीन वाजता, असं लिहिलेलं. तीन वाजता मी टॉर्च धरून उभा होतो.

१० फेब्रुवारी, मंगळवार

रुचिताताई आल्या. रेकॉर्डिंग मिळालंय, पण समोरचे म्हणतील परदेशी लोकांचं काय खरं, घड्याळ मागेपुढे करता येतं. इथल्या माणसाने सांगायला हवं. "मुनाफभाई, तुमचं रजिस्टर आहे ना? आणि तुम्ही एक प्रतिज्ञापत्र द्याल?"

रजिस्टर माझ्या कोपराखाली होतं. मी म्हटलं, "जुनं रजिस्टर सापडत नाही."

त्या म्हणाल्या, "सापडलं की सांगा." त्या गेल्यावर रजिस्टर घरी नेऊन तांदळाच्या कोठीवरच्या फळीवर ठेवलं.

सकाळी एक ओळखीचे कारकून झेरॉक्सला आले होते. सहज म्हणाले, "तुमच्या ईमेलवर बाहेरून फार पत्रं येतात म्हणे. जपा." एवढंच. माझी निम्मी गिऱ्हाइकं कचेरीतून येतात. साहेबांनी नुसतं सांगितलं की फॉर्म पलीकडच्या दुकानातून आणा, तर मी बसलो माशा मारत. मी काय वाईट केलं? काच मी फोडली नाही, तिला मी धरलं नाही. माझ्यावरच का सगळं?

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

१६८/१०४. पाय टेकवून, न बोलता.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सोनुबाई आली होती, छायाची सासू. सत्तरीची असेल. गजाने टेंपोतून उतरवलं आणि तो दूध द्यायला गेला. मला वाटलं, रजिस्टरचं विचारणार, म्हणून आधीच तोंड कडू करून बसलो.

तिने विचारलंच नाही. तिला तो बर्फातला फोटो मोठा करून हवा होता, रंगीत. "भितीला लावते. पोरी इचारतात, आई कवा येनार. त्यांना दावते, बघा, एवढी मानसं उभी हायत तुमच्या आयसाठी." प्रिंट निघाला. ती बराच वेळ एकेका माणसावर बोट ठेवून बघत होती. व्हीलचेअरवाल्यावर थांबली.

"किती थंडी असंल रं तिथं?"

मी म्हटलं, "असेल की. बर्फच आहे."

"आन आपली वळख ना पाळख. घरात बसले असते तर कोन इचारनार होतं त्यांना?" मग म्हणाली, "तुझ्या घरून भाकऱ्या येतात रोज, त्या पोरींना लई आवडतात. बायकोला सांग."

मी मान हलवली. ती गेल्यावर दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि मागच्या स्टुलावर जाऊन बसलो, पडद्यासमोर. मला त्या बाईसमोर लाज वाटली. लिहून ठेवतो, लाज वाटली.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला रोजा. पहाटे सहेरीच्या जेवणाबरोबर गोळी घेतली. भाकरी पुढ्यात आली तेव्हा नाजनीनला म्हटलं, "कडावच्या वाट्याच्या झाल्या का?" ती दचकली नाही. म्हणाली, "झाल्या. सकाळी गजा नेईल." गेले महिनाभर मला वाटतंय मीच घरात शहाणा आहे.

रोजा ठेवून पोटात खोटं घेऊन बसणं मला जमत नाही. भूक सोसते, हे नाही सोसत. रजिस्टर फळीवरून काढलं. नाजनीनने ते आपल्या ओढणीने पुसून दिलं आणि म्हणाली, "दुकान पडलं बंद तर मी शिवणकाम घेईन. जा तुमी." नमिराने गाडी काढली. कर्जतला रुचिताताईंच्या समोर रजिस्टर ठेवलं आणि म्हटलं, "हरवलं नव्हतं. घाबरलो होतो."

त्या म्हणाल्या, "माहीत होतं. घरी स्वयंपाकघरात लपवलं होतंत ना? कडांना अजून तांदळाचं पीठ आहे." आणि प्रतिज्ञापत्राचा मजकूर वाचून दाखवला. तो त्यांनी दहा तारखेलाच लिहून ठेवला होता.

नोटरीसमोर सही करण्याआधी पूर्ण कागद वाचला. तेही लिहून ठेवतो.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

वरच्या कोर्टात सुनावणी झाली. मी मागच्या बाकावर बसलो होतो. समोरचे वकील म्हणाले, ही परदेशातून चालवलेली मोहीम आहे, न्यायालयावर दबाव आणायचा प्रयत्न आहे, ढीगभर पत्रं म्हणजे पुरावा नव्हे. रुचिताताई म्हणाल्या, "बरोबर. पत्रं पुरावा नाहीतच. पत्रं फक्त एवढं सांगतात की त्या दिवशी ती कुठे होती हे बघायला कोणी गेलंच नाही. पुरावा हा आहे," आणि माझं रजिस्टर वर केलं.

न्यायाधीशबाईंनी पानं मागेपुढे चाळली. रोजच्या नोंदी, वेगवेगळ्या शाया, वेगवेगळ्या सह्या. विचारलं, हे रोज भरतात? रुचिताताईंनी माझ्याकडे बघितलं. मी उभा राहिलो. "रोज, मॅडम. पोलिसांनीच सांगितलं होतं." मागे कोणीतरी हसलं. मग त्यांनी रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. छाया दिसली, लाइट गेलेली, टॉर्चच्या उजेडात. आणि भर कोर्टात माझा आवाज: "आवर गं बाई, माझं प्रेशर वाढतंय!" न्यायाधीशबाई चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे तुम्हीच ना?"

मी म्हटलं, "हो. पण तेव्हा जरा जास्तच ओरडलो."

छाया पिंजऱ्याशी उभी होती. पाच आठवड्यांत खंगलीय. पण माझ्याकडे बघून हसली, दात दाखवून. निकाल पुढच्या गुरुवारी.

२८ फेब्रुवारी, शनिवार

कचेरीतली गिऱ्हाइकं कमी झालीत. दोन दिवसांत दोघंच. पण आज दुपारी वाडीवरच्या नऊ बायका आल्या, एका जीपमधून. प्रत्येकीला काही ना काही फॉर्म भरायचा होता. जवळची दुकानं सोडून इथवर. एकीने, आवडी नाव तिचं, मला विचारलं, "तुमीच का ते बत्ती धरनारे?" मी म्हटलं, "मीच. ईमेल आहे का?" ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी माझा घातला.

५ मार्च, गुरुवार

जामीन मिळाला. दुपारी रुचिताताईंचा फोन आला तेव्हा एका गिऱ्हाइकाचं आधारकार्ड मशीनमध्ये होतं. मी बटण दाबलं आणि किती प्रती काढायच्या ते विसरलो. सव्वीस निघाल्या. त्या माणसाला म्हटलं, ठेवा, पुढे लागतील.

खटला चालूच राहणार आहे, तारखा पडणार आहेत. त्यासाठी आजचा आनंद कशाला नासवू? रुचिताताई म्हणाल्या की वरून चौकशी आली होती, बाहेरच्या पत्रांची उत्तरं द्यावी लागतात, म्हणून फाईल पटकन हलली. नाहीतर ही तारीख पावसाळ्यात लागली असती. म्हणजे नॉर्वेच्या म्हाताऱ्याने फाईल हलवली आणि मी रजिस्टर दिलं. त्याची आणि माझी भेट काही व्हायची नाही.

६ मार्च, शुक्रवार

इफ्तारच्या वेळेला गजाचा टेंपो दारात. पुढच्या सीटवर छाया. तुरुंगातून सरळ घरी न जाता पाच मिनिटं इथे वळवला. म्हणाली, "भाई, पोरींना भेटायचंय, थांबत नाय. सोमवारी येते. कॉम्प्युटर मोकळा ठेवा." नाजनीनने खजूर आणि भाकऱ्यांची चवड तिच्या मांडीवर ठेवली. मी काय बोललो? मी म्हटलं, "रजिस्टर कोर्टात जमा आहे, नवं आणायला पाहिजे." एवढंच सुचलं. टेंपो वळल्यावर डोळे भरून आले. नमिरा बघत होती, बघू दे.

९ मार्च, सोमवार

छाया अकराला आली. नवं रजिस्टर, पहिलं पान, पहिली ओळ तिची. येण्याची वेळ ११:०५. दोनशे बारा मेल होते. ती आणि नमिरा उत्तरं द्यायला बसल्या. मधूनच वाचून दाखवत होत्या, हसत होत्या. दवाखान्याच्या दारावर नवा कागद लागलाय म्हणे, डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस, आणि प्रेशरच्या गोळ्या आल्यात. छाया म्हणाली, "केसपेपर काढायला चला, भाई. मी रांगेत उभी राहाते." मी म्हटलं, रांगेत मी उभा राहीन. तू तिथे गेलीस की काच फुटते. ती एवढी हसली की खुर्चीवरून घसरली.

मग मी म्हटलं, "ऊठ. स्टुलावर बस."

"आता कशाला फोटो?"

"त्या लोकांकडे जुना आहे. सगळ्या जगात तू रागावलेली दिसतेस. माझ्यामुळे."

पडदा सरळ केला. सेफ्टी पीन काढणार होतो, राहू दिली. ती बसली आणि सवयीने तोंड मिटलं.

मी म्हटलं, "हस."

तिला पटेना. "खरंच?"

"हस गं. हा परत येत नाही."

मग मी नमिराला उठवलं आणि कीबोर्डसमोर स्वतः बसलो. एक एक अक्षर शोधत मराठीत टाइप केलं. नमिराने खाली त्याचं इंग्रजी केलं. सोबत फोटो जोडला आणि एकतीस लोकांना पाठवला, पहिल्या एकतीसांना. काय लिहिलं ते इथे उतरवून ठेवतो.

"नमस्कार. जानेवारीत तुम्ही पत्र पाठवलं होतं. ते मी लॉटरीचं समजून टाकून दिलं. माफ करा. माझ्या मुलीने ते उचलून ठेवलं. छाया शुक्रवारी घरी आली. तिच्या मुली बऱ्या आहेत. जुना फोटो मीच काढला होता आणि हसू नको असंही मीच सांगितलं होतं. हा नवा घ्या. मी तो मागे दिवा धरून ओरडणारा माणूस. आज माझं प्रेशर १३४/८६ आहे, पाय टेकवून मोजलं. आपला, मुनाफ."

पहिलं उत्तर केनियाहून दहा मिनिटांत आलं. ग्रेसने विचारलं होतं, मोजताना बोलला नाहीत ना? छायाची जाण्याची वेळ सव्वापाच लिहिली, सही घेतली आणि दुकान बंद करून रोजा सोडायला घरी आलो.